आपला तो यज्ञ, दुसऱ्याचा तो बोकड

१/ कवी नारायण वामन टिळक १८९० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाले होते. डब्यात एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांची ओळख झाली, धर्मावर बोलणे झाले, आणि त्या गृहस्थाने बायबलमधील नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रवास परिचित आहे. ती गाडी कोणत्या मुलखातून जात होती, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

२/ नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग गोंदियावरून जातो. पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा ही स्थानके लागतात आणि गाडी जंगल-डोंगरांत शिरते. याच दरेकसा परिसरात, आजच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहा आहेत. गोंड समाजाच्या स्मृतीत हे आपल्या धर्माचे, म्हणजे कोया पुनेमचे, उगमस्थान आहे. माघ पौर्णिमेला येथे अनेक राज्यांतून भाविक जमतात. टिळकांच्या काळी हा सारा भाग मध्य प्रांतात होता. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ मध्ये.

३/ डब्यातल्या त्या पुस्तकात प्राचीन यज्ञवेदीचा एक विशिष्ट अर्थ दिलेला होता. पशूंचे रक्त ही केवळ छाया होती, खरे अर्पण अंतःकरणाचे, असा तो अर्थ. डब्याबाहेरच्या गावांत कोंबडे, बोकड आणि मोहाची दारू देवाला वाहिली जात होती, आणि त्या अर्पणाला मात्र शिकलेले जग ‘रानटी रूढी’ म्हणत होते. एका वेदीला रूपकाचा मान आणि दुसरीला अंधश्रद्धेचा शिक्का, असे का झाले? या धाग्याचा विषय तो आहे.

४/ प्रथम बायबलमधील मूळ विधी पाहू. जुन्या करारातील ‘लेवीय’ या ग्रंथाचे पहिले सात अध्याय म्हणजे अर्पणांची नियमावली आहे. त्यात मुख्य प्रकार पाच: संपूर्ण जाळले जाणारे होमार्पण, पिठाचे अन्नार्पण, वाटून खाण्याचे शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. पशू निर्दोष हवा, अर्पण करणाऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, रक्त याजकाने वेदीवर शिंपडावे, प्रत्येक अन्नार्पणात मीठ असावे, मध व खमीर मात्र वेदीवर जाळू नये. सारे काही नेमके, हाताने करायचे, नाकाला जाणवणारे.

५/ या नियमांत ऐपतीचाही विचार आहे. बैल परवडत नसेल तर मेंढा किंवा बोकड. तोही नसेल तर पारव्याची किंवा होल्यांची जोडी. आणि पापार्पणासाठी पक्षीही परवडत नसतील तर पिठावर काम भागे. येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईवडिलांनी यरुशलेमच्या मंदिरात पक्ष्यांची जोडी वाहिली असे लूककृत शुभवर्तमान सांगते. म्हणजे ते अर्पण गरीब घरातले होते. केवळ रूपक म्हणून वाचणाऱ्याच्या नजरेतून हा तपशील हमखास निसटतो.

६/ शांत्यर्पणाचा विधी तर मराठी गावाला अगदी ओळखीचा वाटावा. चरबी वेदीवर, छातीचा भाग व उजवी मांडी याजकाला, उरलेले मांस कुटुंबाने व सोबतच्यांनी खायचे, तेही ठरलेल्या मुदतीत. साठवून ठेवायचे नाही. मांस ही रोजची गोष्ट नसलेल्या समाजात असा विधी म्हणजे गावजेवण होते. देव, पुजारी, घरचे आणि शेजारी एकाच पशूचे वाटेकरी होत. नवसाचा बोकड कापून भाऊबंदांना जेवू घालणाऱ्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

७/ अशा अर्पणाला हिब्रूत ‘कोरबान’ म्हणतात. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा आहे. अरबी ‘कुर्बान’ त्याच कुळातला, आणि त्यातूनच मराठीत रुळलेला ‘कुर्बानी’ हा शब्द आला. जे देवाच्या जवळ नेले जाते ते कोरबान. अंतर्मुख अर्थ लावणाऱ्यांनी या धातूवर पुष्कळ भर दिला: जवळ न्यायचे ते स्वतःला, पशू निमित्तमात्र. विचार सुंदर आहे. तथापि शब्दाची व्युत्पत्ती ही त्या शब्दाच्या वापराचा इतिहास नव्हे. लेवीयाच्या नियमांत जवळ नेला जातो तो खरोखरीचा, जिवंत पशू.

८/ मग अंतर्मुख वाचन आले कोठून? पहिली ठिणगी इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या संदेष्ट्यांची. आमोस, होशेय, यशया आणि मीखा यांनी यज्ञांवर कठोर टीका केली. गरिबाला लुबाडून, न्याय विकून, मग वेदीवर पुष्ट पशू आणणाऱ्यांचा देवाला वीट आला आहे, असा त्यांचा आशय. ही टीका ‘यज्ञ हे प्रतीक आहे’ असे सांगत नाही. ज्या हाताने अन्याय केला त्या हाताचे अर्पण स्वीकारले जाणार नाही, असे ती सांगते. तिचा रोख विधीपेक्षा विधी करणाऱ्यावर अधिक आहे.

९/ दुसरा धक्का इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बसला. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. वेदी नाही, याजकांना काम नाही, लोक निर्वासित. काही स्तोत्रांत पश्चात्तापाने भंगलेले मन हेच अर्पण मानले गेले, प्रार्थनेला धूपाची उपमा मिळाली. पण लोक परतल्यावर पहिली निकड कशाची वाटली? वेदी उभारण्याची. इसवी सनपूर्व ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले आणि पुढे जवळजवळ सहा शतके तेथे पशू कापले गेले. अंतरीचे अर्पण आणि वेदीवरचे अर्पण शेजारी शेजारी नांदत होते.

१०/ या शेजाराचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो. काळ येशूचाच, भाषा ग्रीक. होमार्पणाच्या पशूचे पोट व पाय धुण्याचा नियम घेऊन तो विचारतो की यातून काय सूचित होते. त्याचे उत्तर असे की पोट म्हणजे वासना, ती धुतली पाहिजे. आणि पाय धुणे म्हणजे जमिनीवरची वाटचाल सोडून जिवाने आकाशाकडे झेपावणे. नियमामागून नियम घेत तो संपूर्ण यज्ञविधीचा आत्मशुद्धीचा ग्रंथ करतो. पाश्चात्त्य जगातील रूपकात्मक वाचनाच्या परंपरेवर त्याचा ठसा खोल आहे.

११/ पण फिलोने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि त्याचे नाव घेणारे ती बहुधा विसरतात. काही ज्यू म्हणू लागले होते की अर्थ कळल्यावर विधी करण्याची गरज काय? फिलो त्यांना फटकारतो. विधी देहासारखा, अर्थ आत्म्यासारखा. आत्म्याचे घर म्हणून देहाची काळजी घ्यावीच लागते, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो स्वतः यरुशलेमला प्रार्थना व अर्पण करण्यासाठी गेल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. अंतर्यागाच्या या आद्य भाष्यकाराला वेदी मोडायची नव्हती.

१२/ वेदी मोडली ती रोमनांनी. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या सैन्याने दुसरे मंदिर जाळले. रब्बींच्या परंपरेत एक कथा आहे. मंदिराचे अवशेष पाहून एक शिष्य शोक करतो की पापक्षालनाची जागाच गेली. गुरू योहानान बेन झक्काई त्याला धीर देतात की आपल्यापाशी तितकेच समर्थ दुसरे साधन आहे, ते म्हणजे माणसांवर केलेली दया. ही कथा ऐकताना गुरूच्या उत्तराइतकाच शिष्याचा हुंदकाही ऐकला पाहिजे. यज्ञ केवळ प्रतीक होता असे त्याला वाटत असते, तर तो रडला नसता.

१३/ पुढे रब्बींनी मोठ्या कौशल्याने वेदी जीवनात विखरून ठेवली. मंदिरात रोज सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या अर्पणांच्या वेळा प्रार्थनेच्या वेळांशी जोडल्या गेल्या. दुपारच्या प्रार्थनेला आजही ‘मिन्हा’ म्हणतात आणि हे मूळ अन्नार्पणाचे नाव. जेवणाचे मेज हीच आता वेदी, असे तालमुदात मानले गेले. भाकरी मिठाला लावून खाण्याची चाल वेदीवरच्या मिठाची आठवण म्हणून सांगितली जाते. हा प्रतीकवाद चैनीचा नव्हता. सर्वस्व गमावलेल्या समाजाने टिकून राहण्यासाठी केलेले ते काम होते.

१४/ ख्रिस्ती परंपरेने दुसरी वाट धरली. ‘इब्री लोकांस पत्र’ या लेखनात मंदिरातले यज्ञ ही छाया आणि ख्रिस्ताचे एकदाच झालेले आत्मार्पण हे सत्य, अशी मांडणी आहे. तिसऱ्या शतकात ऑरिजेन याने लेवीयावर सोळा प्रवचने दिली. वेदीवरचा अग्नी कधी विझू देऊ नये या नियमाचा अर्थ त्याने असा लावला की प्रत्येकाच्या अंतरी वेदी आहे, तिच्यावरचा अग्नी तेवत ठेवावा. हे वाचन मनाला भिडते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्यांचा हा विधी होता त्या ज्यूंना ‘अक्षराला चिकटलेले, देहबुद्धीचे’ ठरवण्यासाठी हेच वाचन शतकानुशतके वापरले गेले. रूपक हे साधनेचे साधन असते. ते तुच्छतेचे हत्यारही होते.

१५/ मध्ययुगात ज्यू विचारवंतांतच यावर मोठा वाद झाला. मैमोनिदीसने (११३८–१२०४) म्हटले की लोकांना यज्ञाची सवय होती, ती एकाएकी सुटणे मनुष्यस्वभावाला धरून नव्हते, म्हणून ईश्वराने यज्ञ राहू दिले. नाहमनिदीसला (११९४–१२७०) हे मुळीच पटले नाही. त्याच्या मते हात ठेवणे म्हणजे कृतीची कबुली, पापोच्चार म्हणजे वाणीची, आतडी व मूत्रपिंडे जाळणे म्हणजे विचार व वासनेची. रक्त शिंपडले जाताना माणसाने समजावे की येथे रक्त वस्तुतः आपले सांडायला हवे होते. म्हणजे अंतरंग अर्थ विधीच्या आतच आहे, तो अनुभवायला पशू समोर असावा लागतो.

१६/ आणि वेदी पूर्ण विझलीही नाही. पॅलेस्टाइनमधील नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोक आजही दरवर्षी वल्हांडण सणाला कोकरे कापून, भाजून, रातोरात खातात. समाज जेमतेम काहीशे लोकांचा. मोशेचे पाच ग्रंथ त्यांचेही धर्मग्रंथ आहेत. ‘बायबलातला यज्ञ खरे तर आंतरिक साधनाच होता’ असे सरसकट विधान करणाऱ्याने या डोंगरावरचा धूर एकदा लक्षात घ्यावा.

१७/ मराठी वाचकाला ही सारी वाटचाल नवी वाटणार नाही. छांदोग्य उपनिषदात प्राणांना दिलेल्या आहुतीचे अग्निहोत्र आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात द्रव्ययज्ञापेक्षा ज्ञानयज्ञ श्रेष्ठ ठरतो, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी तो अध्याय मराठीत आणताना इंद्रियसंयम, प्राणायाम, स्वाध्याय या साऱ्यांना यज्ञाचे रूप दिले. वारकऱ्यांनी नामस्मरणाला यागाहून सोपे आणि थोर मानले. टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, त्या पुलाचा एक खांब हा होता. अंतर्यागाची भाषा त्यांना परकी नव्हती.

१८/ भाषेने आणखी एक काम गुपचूप केले. बायबल मराठीत आले तेव्हा वेदीवरच्या अर्पणासाठी ‘यज्ञ’, ‘होम’, ‘बली’, ‘अर्पण’ असे संस्कृत वळणाचे शब्द निवडले गेले. दुसरे प्रतिष्ठित शब्द तरी कोणते होते? पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण शब्दांची प्रतिष्ठा कोणा एकाच्या हाती नसते. ‘यज्ञ’ म्हटले की मराठी मनात मंत्र, तूप आणि त्याग उभा राहतो. ‘बोकड कापला’ म्हटले की सुरा उभा राहतो. यरुशलेमच्या वेदीला पहिला शब्द मिळाला, गोंदियाच्या जंगलातल्या पेनाला दुसरा.

१९/ महाराष्ट्रातच एका समाजाने मात्र या दोन टोकांमधली वाट जपली आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे ‘शनवार तेली’, नवस फेडताना किंवा मंगलकार्यात एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेऊन मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट, त्यावर आशीर्वचन, मग सर्वांना वाटप. अलिबागजवळचे खंडाळे हे त्यांचे एलियाहूच्या नावाचे पवित्र स्थान. त्यांच्यातील काही जाणत्यांनी मलिद्याचे नाते मंदिरातल्या अन्नार्पणाशी जोडले आहे. ते ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध करणे अवघड. मलिदा हा शब्द आणि पदार्थ दर्ग्यांतही आहे. पण येथे अर्थ केवळ मनात राहिलेला नाही. तो ताटात आहे आणि शेजाऱ्याच्या हातावर ठेवला जातो.

२०/ आता कचारगडाकडे वळू. गोंडांची लिंगो-गाथा कागदावर प्रथम आणणाऱ्यांत प्रमुख होते नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले. त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात एका परधान गायकाकडून मिळालेले लिंगोचे दीर्घ गीत आहे: गुहेत कोंडलेले गोंड, दारावरची प्रचंड शिळा, लिंगोने केलेली सुटका, कुळांची विभागणी, आणि परसापेनाच्या पूजेची स्थापना. लेवीय कोळून प्यालेला माणूस अर्पणाची दुसरी एक संहिता उतरवून घेत होता.

२१/ या गीतातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. गोंडांच्या सुटकेसाठी महादेव लिंगोकडे बिंदो पक्ष्याची पिले मागतो. लिंगो घरट्यापाशी पोहोचतो तेव्हा आईबाप चारा आणायला गेलेले असतात. पिले उचलणे सहज शक्य. पण त्यांच्या पश्चात नेली तर आपण चोर ठरू, असा विचार करून तो थांबतो. इतक्यात पिले गिळायला आलेल्या सर्पाला तो मारतो. परतलेले पक्षी कृतज्ञतेने त्याला आणि पिलांना आपणच महादेवाकडे घेऊन जातात. अर्पण कसे मिळवले, ते कोणाचे होते, त्याला संमती होती का, हे प्रश्न येथे आहेत. आमोस वेगळ्या शब्दांत हेच विचारत होता.

२२/ तरीही या गाथेचे पुढे काय झाले? १८७१ मध्ये जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारतावरील आपल्या पुस्तकात ती इंग्रजी पद्यात दिली आणि लिंगोला ‘संत’ केले. गाथा काव्य झाली, लिंगो संत झाला. पण त्याच्या लोकांचे अर्पण जिथल्या तिथे राहिले. १९१६ च्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात बोकड, कोंबडे आणि दारू यांची नोंद बारकाईने येते. नोंदी मोलाच्या आहेत. मात्र हे लोक त्या क्षणी मनात काय धरतात, हा प्रश्न त्या प्रकारच्या लेखनात क्वचितच विचारला जातो. लेवीयाच्या भाष्यकाराने पशूच्या धुतलेल्या पायालाही अर्थ दिला. येथे माणसाच्या जोडलेल्या हातांनाही तो मिळाला नाही.

२३/ अर्थ नव्हता म्हणून असे झाले म्हणावे, तर तसेही नाही. कचारगडावर आज सांगितल्या जाणाऱ्या परंपरेत गुहेत कोंडलेल्या मुलांच्या सुटकेसाठी हिरासुका पाटालीर हा वादक पुढे येतो. त्याच्या सुरांनी आतल्या मुलांना बळ येते, शिळा हलते, आणि तिच्याखाली तो स्वतः चिरडला जातो. दुसऱ्यांच्या मुक्तीसाठी दिलेला हा जीव गोंडांच्या स्मृतीच्या मध्यभागी आहे. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकाने कोया पुनेमचे तत्त्वज्ञान लिहून काढण्यात हयात घालवली. ज्यांना आत्मार्पण या कल्पनेसाठी पॅलेस्टाइनपर्यंत जावे लागते, त्यांनी दरेकशाला उतरून पाहावे.

२४/ येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रक्ताकडून रूपकाकडे जाणे ही प्रगतीच नव्हे का? पशूची वेदना खरी असते. ती कोणत्याही तत्त्वज्ञानाने कमी होत नाही. हे मान्यच केले पाहिजे. विदर्भाचेच गाडगेबाबा (१८७६–१९५६) आयुष्यभर देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध बोलले. पण त्यांची पद्धत पाहा. ‘तुमच्या बोकडाचा खरा अर्थ अहंकार आहे’ असले भाष्य त्यांनी केले नाही. मुक्या जिवाची दया करा, कर्ज काढून नवस फेडू नका, तो पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा, असा त्यांचा सरळ सांगावा होता. तो माणसाला माणूस म्हणून सांगितलेला होता आणि सर्व जातींना एकाच आवाजात सांगितलेला होता.

२५/ दुसरा मार्ग अधिक उदार वाटतो: मग गोंडांच्या अर्पणालाही आपणच आंतरिक अर्थ देऊन टाकू. हाही मोह टाळावा. फिलोने अर्थ लावला तो आपल्या विधीचा, रब्बींनी आपल्या वेदीचा, ज्ञानेश्वरांनी आपल्या परंपरेतल्या यज्ञाचा. प्रत्येक वेळी आतल्या माणसाने आतल्यांसाठी ते केले. बाहेरच्याने लादलेले रूपक जुन्या ज्यूंच्या वाट्याला आले तेव्हा काय झाले, हे वर आलेच आहे. कचारगडावर पेनाला काय वाहावे, काय सोडावे, त्याचा अर्थ काय, हा कोया पुनेम मानणाऱ्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावर त्यांच्यात चर्चा होऊ शकते, जशी आमोसच्या लोकांत झाली.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मग काय करावे? तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, कोणताही विधी ‘मुळात प्रतीकच होता’ असे वाचले की कालक्रम तपासावा. प्रतीक बहुधा नंतर येते, पुष्कळदा वेदी हरवल्यावर. दोन, प्रतीकाचे श्रेय ज्यांनी ते घडवले त्यांना द्यावे. योहानान बेन झक्काईंची करुणा मोशेच्या काळावर लादल्याने दोघांवरही अन्याय होतो. तीन, एकच माप वापरावे. लेवीयातल्या बोकडाला अर्थ असेल, तर सालेकशातल्या बोकडालाही तो असू शकतो. सालेकशातला बोकड केवळ मांस असेल, तर लेवीयातलाही होता.

२७/ कारण हा प्रश्न केवळ प्राचीन नाही. शाळेत, वसतिगृहात, समाजमाध्यमांवर कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या मुलामुलींना आपल्या देवाबद्दल चेष्टेचे दोन शब्द ऐकावे लागतात. आणि चेष्टा करणारे पुष्कळदा आपल्या पोथीतल्या यज्ञाचे किंवा बलिदानाचे सूक्ष्म अर्थ तोंडपाठ म्हणू शकतात. अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्याकडे पोथी, छापखाना आणि व्यासपीठ, त्याच्याकडे गेला. ज्याची गाथा परधानाच्या किंगरीवर होती, त्याच्या वाट्याला नुसती नोंद आली. हा धर्माचा निवाडा नव्हता. तो साधनांच्या असमान वाटपाचा परिणाम होता. इतिहास वाचणाऱ्यांनी तरी तो निवाडा म्हणून स्वीकारू नये.

२८/ टिळकांची ती गाडी त्या दिवशी दरेकशाच्या डोंगरातून पुढे गेली. डब्यात एका वेदीचे पुस्तक होते, बाहेर दुसऱ्या वेदीचा डोंगर. टिळकांनी खिडकीतून पाहिले की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हाच लोहमार्ग आजही आहे. मुंबई–हावडा गाड्या त्यावरून धावतात. त्या गाडीत बसून अंतर्यागावर कोणी वाचत असेल, तर सालेकसा गेल्यावर क्षणभर पुस्तक मिटून बाहेर पाहण्यास हरकत नाही. जवळ नेणे हाच जर ‘कोरबान’चा अर्थ असेल, तर एवढे जवळ जाणे वाचकालाही जमण्यासारखे आहे.